शेवटच्या रांगेपर्यंत

तालमीत नायिका अडली, मी तिला शब्द दिला, आणि तिने तो घेतला नाही. चाळीस वर्षांत असे घडले नव्हते. नट शब्द चुकीचा घेतात, अर्धा घेतात, घेऊन वर माझ्याकडेच डोळे वटारून पाहतात; पण दिलेला शब्द तसाच हवेत लोंबकळत ठेवून कुणी माझ्या गळ्याकडे पाहत राहिले नव्हते. विंगेतल्या माझ्या स्टुलावर, संहितेपुरत्या उजेडाच्या त्या छोट्या दिव्यापाशी, मी नुकताच पाण्याचा घोट घेतला होता. "काका," भूमिका तिथल्या तिथे टाकून ती म्हणाली, "तुमच्या गळ्यात काहीतरी वर चढलं आणि खाली उतरलं." "घोट," मी म्हणालो. "घोट कसला! लिंबाएवढं होतं. परत प्या बघू." मी परत प्यालो, कारण वादाला पुरावा लागतो हे मला मान्य आहे, आणि दिग्दर्शकासकट सारी मंडळी माझ्याभोवती कोंडाळे करून माझे पाणी पिणे पाहू लागली. "अरे, खरंच की," दिग्दर्शक म्हणाला, "लिफ्टच बसवलीय." सगळे हसले, आणि मग पुन्हा वाकून माझ्या गळ्याकडे पाहू लागले. प्रॉम्प्टरकडे कुणाचे लक्ष जाऊ नये हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. त्या दुपारी तो मोडला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रथम मला त्याचीच लाज वाटली. गाठीची भीती नंतर, घरी जाताना, तिसऱ्या की चौथ्या वळणावर वाटू लागली.

वास्तविक गळा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. रंगमंचावर नट थांबतो, तेव्हा तो मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. चेहरा हे त्याचे हत्यारच असते आणि तो बेलाशक खोटे बोलतो. गळा खोटे बोलत नाही. मुद्दाम थांबलेल्याचा गळा स्वस्थ असतो. विसरलेल्याचा कंठमणी, हरवलेली किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा, वरखाली करू लागतो. शब्द द्यायचा तो त्याच्या दोन आवंढ्यांच्या मध्ये. वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे, तिसरा द्यायचा नाही, कारण तिसरा दिला की नट मिंधा होतो. आणि द्यायचे ते आवाजाने नव्हे, नुसत्या श्वासाने: तीन पावलांवरच्या माणसाला ते मिळावेत आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला मिळू नयेत. ही कला सोपी आहे असे जो म्हणेल त्याच्याशी मी केव्हाही वाद घालायला तयार आहे. तिची किंमत एवढीच, की श्वासाने बोलायची सवय विंगेतून घरी येते. आमची ही लोकांना सांगते, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला, पण शेजारच्या खोलीत नवरा बोलतोय की पंखा चालू आहे, ते मला अजून कळत नाही." लोक हसतात. मीही हसतो, तेही श्वासानेच. इतक्या लोकांचे गळे इतकी वर्षे वाचले, आणि स्वतःच्या गळ्यात कुणी बिऱ्हाड केले आहे हे मला एका विसरभोळ्या मुलीने सांगावे! मग एकेक आठवत गेले. सदऱ्याचे वरचे बटण वर्षभर लागत नव्हते आणि दोष मी धोब्याला देत होतो. उताणे झोपले की छातीवर कुणी मांजर बसल्यासारखे वाटे, म्हणून मी दोन उशा घेऊ लागलो होतो आणि दोष गादीला देत होतो. माणूस स्वतःच्या शरीराशी जितका लबाडीने युक्तिवाद करतो, तितका कुणाही परक्याशी करीत नाही.

डॉक्टर बाई चाळिशीच्या आत होत्या, नखे अगदी मुळापासून कापलेली, आणि बोलताना समोरच्या कागदावर पेन्सिलीने गळे काढायची त्यांना सवय होती. सोनोग्राफी झाली, सुईने दोनदा तपासणी झाली, आणि दुसऱ्या तपासणीचा कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "गाठ साधी आहे." "साधी म्हणजे?" "म्हणजे कॅन्सर नाही." "मग कॅन्सर नाही असं म्हणा. साधी गाठ बुटाच्या नाडीला असते." ही शेजारून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही मनावर घेऊ नका. शब्दावरून भांडल्याशिवाय ह्यांना औषध लागू पडत नाही." डॉक्टर हसल्या नाहीत, त्यांनी एक गळा काढला, त्यात फुलपाखरासारखी थायरॉईडची ग्रंथी काढली, आणि उजव्या पंखात पेन्सिल घोळवून घोळवून एक काळे अंडे तयार केले. वाटा दोन होत्या. एक, भूल देऊन गळ्यावर छेद घ्यायचा आणि गाठीसकट अर्धी ग्रंथी काढून टाकायची. दुसरी, मला जागे ठेवून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत, एक बारीक सुई गाठीत घालायची, तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची आणि गाठ आतल्या आत कणाकणाने भाजून टाकायची. "बाहेर फक्त टोचल्याची खूण राहते. मेलेली गाठ शरीरच हळूहळू शोषून घेतं, सहा-आठ महिन्यांत." "आणि धोका?" मी विचारले. त्यांनी काळ्या अंड्याच्या मागे एक रेघ ओढली, इतकी बारीक की ती पाहायला मला चष्मा सारखा करावा लागला. "ही नस. स्वरतंतू हिच्यामुळे हलतात. उष्णता हिच्यापर्यंत गेली तर आवाज बसू शकतो. शंभरात एखाद्याचा बसतो. बहुतेकदा परत येतो. नेहमीच येतो असं मी म्हणणार नाही." त्या क्षणी माझा निर्णय झाला. 'बहुतेकदा' आणि 'नेहमी' यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या हाती गळा द्यायला हरकत नसते.

सुईच्या आधी माझे स्वरतंतू पाहून ठेवणे आवश्यक होते. नाकातून एक बारीक नळी घातली गेली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि बाजूच्या पडद्यावर मला माझा गळा आतून दिसला: ओला, गुलाबी, आणि मध्यभागी दोन फिक्या पट्ट्या, अर्धवट उघडलेल्या पडद्यासारख्या. "ई म्हणा." मी म्हणालो. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. "काका, कुजबुजू नका. मोठ्याने." मी जरा जोर केला, तशा त्या एकमेकींकडे धावल्या आणि थरथरू लागल्या. "बघा, कुजबुजताना या जुळत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "नुसती हवा जाते. आवाज काढला तरच जुळतात." नळी बाहेर येताच मी युक्तिवाद मांडला. "याचा अर्थ, नस गेली तरी माझं काम जात नाही. चाळीस वर्षं मी हे दोन तंतू वापरलेलेच नाहीत. म्हणजे माझ्या बाबतीत धोका शून्य." डॉक्टर नळी पुसत राहिल्या. ही काहीच बोलली नाही. तिचे न बोलणे मी जिंकलेल्या वादाच्या खात्यात टाकले, आणि ती चूक होती.

घरी आल्यावर ती खिडकीपाशी शिवायला बसली. नाटकमंडळींचे कपडे तिची आई शिवत असे, आता ही शिवते. सुई तिच्या हातात असली की ती माझ्याकडे न बघता बोलते, आणि न बघता बोललेलेच तिचे खरे असते. "तुमचं काम जाणार नाही, ते कळलं," ती म्हणाली. "माझं काय जाईल, ते विचारलंत?" "तुझं काय जाणार?" "तुमचा आवाज मी ऐकलाय. तालमीत. सबंध महिना." दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "चाळीस वर्षं वाट बघतेय, परत कधी ऐकू येतो म्हणून. आता तुम्ही म्हणताय, गेला तर गेला."  उत्तरे चार होती, आणि चारही बरोबर होती, पण त्यांतले एकही उच्चारण्याजोगे नव्हते.

ती ज्या महिन्याबद्दल बोलत होती, त्याविषयी मी स्वतःशीही बोलत नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि नट होणार होतो. नाटकात माझा एकच प्रवेश: दूत धावत येतो, राजापुढे गुडघा टेकतो आणि दोन वाक्ये बोलतो. 'महाराज, पूल कोसळला. पण आपली सारी माणसं पार झाली आहेत.' एवढेच, पण सारे नाटक त्या दुसऱ्या वाक्यावर वळत होते, कारण ते ऐकल्यावरच राजा उठून पुढच्या अंकात शत्रूवर चालून जातो. तेव्हाचे दिग्दर्शक म्हणत, "पहिल्या रांगेशी बोलू नकोस. ती ऐकणारच, तिने पुढचं तिकीट काढलंय. शेवटच्या रांगेशी बोल." शेवटच्या रांगेत मांडीवर राजाचा अंगरखा घेऊन ही बसलेली असे, आईबरोबर काज करीत. माझे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचले, की ती मान वर न करता हातातली सुई वर धरी. अंधाऱ्या प्रेक्षागृहात, दूर टोकाला, सुईवर रंगमंचाचा उजेड चमके. महिनाभर रोज चमकला. मग पहिला प्रयोग, दुपारचा. मी धावत आलो, गुडघा टेकला, दिवे डोळ्यांत गेले, आणि पाचशे माणसे माझ्याकडे पाहताहेत ही गोष्ट मला अचानक कळली. 'महाराज, पूल कोसळला,' मी म्हणालो. आणि पुढे काही नव्हते. मी विंगेकडे पाहिले. आमचा प्रॉम्प्टर हनुवटी छातीला लावून झोपला होता. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. शेवटी राजा झालेल्या थोर नटाने, दुसरा इलाज नसल्यामुळे, सारे सैन्य बुडाल्याचा आकांत सुरू केला, आणि जिंकलेली लढाई त्या दुपारी आम्ही रडून हरलो. पडदा पडल्यावर मला कुणी रागावले नाही. ते रागावले असते तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलो असतो. मी झोपलेल्या माणसाच्या हातातून संहिता घेतली आणि त्याच्या स्टुलावर बसलो. त्या शांततेत यापुढे कुणालाही एकटे उभे राहू द्यायचे नाही, असे मी ठरवले, आणि ते पाळले. ही हकीकत ऐकणारे म्हणतात, केवढा त्याग. मी हे मान्य करीत नाही. तो त्याग नव्हता. ती लपण्याची एक अत्यंत उपयुक्त जागा होती.

सुईचा दिवस उजाडला. ही बाहेर व्हरांड्यात थांबली. आत मला उताणे निजवून खांद्यांखाली उशी दिली, त्यामुळे डोके मागे गेले आणि गळा सगळ्यांत उंच झाला. सुईतल्या विजेला परतीची वाट म्हणून दोन्ही मांड्यांवर गार चिकट पट्ट्या लावल्या. पडदा नीट दिसावा म्हणून खोलीतला उजेड कमी केला, आणि माझ्या गळ्यावर तेवढा एक झोत ठेवला. माझ्या ध्यानात आले की जागांची अदलाबदल झाली आहे: अंधारात त्या दोघी, डॉक्टर आणि सिस्टर, आणि उजेडात मी. "कातडी बधिर केलीय," डॉक्टर म्हणाल्या. "आत ऊब वाटेल, कळ दातात किंवा कानात गेल्यासारखी वाटेल. सुई चालू असताना गिळू नका, बोलू नका. मी थांबले की मग बोला. काहीही बोला. आवाजावरून मला कळतं की नस ठीक आहे." "काहीही म्हणजे?" "आकडे म्हणा, काका. आकड्यांवर वाद होत नाही." सिस्टर खुदकन हसली. गळ्याच्या मध्यावर बारीकसे टोचले, आणि मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, मला पडद्यावर करड्या धुक्यात एक काळे अंडे आणि त्यात शिरणारी एक शुभ्र रेघ दिसली. मग टोकाशी पांढरा ढग फुलला. आत कुठेतरी, कानाच्या आतल्या बाजूला, मक्याचा दाणा फुटावा तसा आवाज झाला. ढग विरला, रेघ अंगुळभर मागे सरली, दुसरा ढग. "बोला." "एक, दोन, तीन." "छान." माझे आकडे बेताचे, बसक्या सुरातले, पण आवाजाचेच होते. असे किती ढग फुलले कोण जाणे. गाठीचा दोन तृतीयांश भाग पांढरा झाला आणि मला वाटू लागले की हे काम कंटाळवाणे आहे, म्हणजेच उत्तम चालले आहे.

"आता मागचा भाग," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली घाई नाहीशी झाली. "इथे नस जवळ आहे. मी मध्ये गार साखरपाणी सोडून जागा करतेय. हा भाग कच्चा सोडला तर गाठ इथूनच पुन्हा वाढते, म्हणून करायचा. पण प्रत्येक वेळी मला आवाज हवा." ढग फुलला, कळ दाढेतून कानात, कानातून मस्तकात गेली. ढग विरला. "बोला." मी तोंड उघडले. झोताची तिरीप डोळ्यांत होती. दोन माणसे श्वास रोखून माझ्या गळ्याकडे पाहत होती. आणि आकडे नव्हते. मी जे काही बोललो तो नुसता श्वास होता. डॉक्टरांचा हात थिजला. "पुन्हा." पुन्हा श्वास. "सिस्टर, गार पाणी. अजून." गळ्याच्या आत एक थंडगार फुगा पसरत गेला. "काका, हे तुमचं नेहमीचं कुजबुजणं आहे, की आवाज निघतच नाहीये?" प्रश्न अचूक होता, आणि त्याचे उत्तर मला माहीत नव्हते. "मला सुईवरून ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "आवाज आला नाही तर मी इथेच थांबते. उरलेलं राहू दे."

राहू दे. माझ्यातला एक माणूस त्या शब्दांवर लगेच टेकून बसला. राहू दे, दोन तृतीयांश झाले आहे, काम श्वासाने चालते, छातीवरचे मांजर पुन्हा येईल तेव्हा तिसरी उशी घेऊ. किती व्यवस्थित युक्तिवाद होता! चाळीस वर्षे मी याच माणसाबरोबर राहिलो, त्याचे मुद्दे खोडता आले नाहीत म्हणून त्याला शहाणा समजलो. पण आता त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती जी मला ठाऊक नव्हती: की आवाज आहे आणि मी तो वापरीत नाही. आहे कशावरून? न वापरलेली वस्तू आणि नसलेली वस्तू यांत, कपाट उघडेपर्यंत, फरक तो काय? भीती अशी होती, की मी जोर करीन आणि कपाट रिकामे निघेल. मग विंगेत बसून काढलेली चाळीस वर्षे हा निर्णय राहणार नाही, ती नुसती उणीव ठरेल. माझा कंठमणी वर गेला, खाली आला. माझ्या कंठमण्याचे काय चालले आहे ते मला माहीत होते. मी थांबलो नव्हतो. मी विसरलो होतो. आणि पहिल्या नि दुसऱ्या आवंढ्यांच्या मध्ये, नेमक्या त्याच फटीत, डॉक्टर माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक, दोन..."

दोनच शब्द. तिसरा त्यांनी दिला नाही. ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती; आणि मला ती कुणाकडून कधी मिळाली नव्हती. मी छाती भरून श्वास घेतला, आणि जे आले ते तीन नव्हते.

"महाराज, पूल कोसळला!"

तो आवाज खोलीत शिरला तेव्हा मी स्वतः दचकलो. तो तेवीस वर्षांचा नव्हता. जाड झाला होता, कडांना खरखरीत, पण भिंतीवर जाऊन आपटला आणि परत आला. ट्रेमध्ये काहीतरी किणकिणले. "महाराज!" सिस्टर म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "नस उत्तम आहे. पुढे?" मी थांबलो. या वेळी खरोखरच थांबलो. गळा स्वस्थ होता. आणि त्या स्वस्थतेत, झोताच्या पलीकडे, दूर अंधाराच्या टोकाशी कुठेतरी एक सुई वर धरलेली मला दिसल्यासारखी वाटली.

"पण आपली सारी माणसं पार झाली आहेत!"

मग आम्ही ते नाटक केले. दुसरा शब्द मला सापडत नाही. डॉक्टर सुई सरकवीत, ढग फुले, कळ कानात जाई, ढग विरे. "बोला," की मी पुढचे वाक्य देई, शेवटच्या रांगेला, एकही अक्षर न गिळता. राजा उठला. "मग?" सिस्टर म्हणाली. "सिस्टर, गार पाण्याचा पंप बघा," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या ढगानंतर स्वतःच म्हणाल्या, "हं, मग? राजा निघाला की नाही?" राजा निघाला. सेनापतीने आडवे येऊन पाच वाक्यांचा वाद घातला, तो पाच ढगांत मिटला. साऱ्यांच्या भूमिका माझ्या, आणि साऱ्यांना पुरेल एवढा आवाज माझ्यापाशी होता. शत्रूचा किल्ला पडायला आणि काळ्या अंड्याचा शेवटचा काठ पांढरा व्हायला एकच गाठ पडली. डॉक्टरांनी सुई काढली, बोटाने दाबून धरली आणि म्हणाल्या, "झालं." मग जरा वेळाने, "काका, चाळीस वर्षं कुठे होतात?" "तीन पावलांवर," मी म्हणालो. गळ्यावर त्यांनी कागदाच्या कपट्याएवढी एक पट्टी चिकटवली.

तासाभराने मला सोडले. व्हरांड्यात दहा-बारा बाके होती, बरीचशी रिकामी. ही अगदी टोकाच्या, शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर कुणाचा तरी अंगरखा घेऊन. इतक्या लांब का बसलीस, असे मी विचारणार होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि विचारले नाही. तिने सुई अंगरख्यात खोवली, घडी केली, डोळे पदराने नव्हे, त्या अंगरख्यानेच पुसले. "शब्द न् शब्द आला," ती म्हणाली. मी तिच्यापाशी उभा राहिलो.   "दुसरं वाक्य मात्र घाईत म्हटलंत," ती म्हणाली. "'सारी'वर थांबायचं असतं."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "थांबायचं असतं ते 'पण'वर."

"महिनाभर ऐकलंय मी. 'सारी'वर."

"पण म्हटल्यावर राजाचा जीव टांगला पाहिजे. तिथे थांबल्याशिवाय तो टांगेल कसा?"

"हळू हो," ती म्हणाली, आणि छत्तीस वर्षांत तिने मला हे प्रथमच सांगितले. आम्ही पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो. वाद घरापर्यंत चालला, आणि माझी बाजू भक्कम होती. दोन्ही फुटपाथांवरची माणसे वळून वळून पाहत होती.